भुकेल्या देहाचा हिशेब : दुष्काळी कामांपासून धावपट्टीपर्यंत

बेंगळुरूहून कोलारकडे जाताना होसकोटे लागते. सतराव्या शतकात बेंगळुरू आणि कोलारबरोबर हेही ठाणे शहाजीराजांच्या जहागिरीत होते. नाचणी पिकवणारा हा कोरडवाहू मुलूख 1876 ते 1878 च्या महादुष्काळात होरपळून निघाला. 1871 च्या शिरगणतीत म्हैसूर संस्थानाची लोकसंख्या सुमारे 50 लाख 55 हजार होती. 1881 मध्ये ती 41 लाख 86 हजारांवर आली. खेळाडूंची हाडे आणि मासिक पाळी यांविषयी क्रीडावैद्यक आज जे सांगते, त्याची एक जुनी खूण याच दुष्काळाच्या दप्तरात सापडते.

त्या वेळी दक्षिणेत एक वाद पेटला होता. दुष्काळी कामांवर दिवसभर राबणाऱ्या मजुराला किती धान्य द्यावे? व्हाइसरॉयचे प्रतिनिधी म्हणून आलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी 1877 च्या आरंभी पुरुष मजुरासाठी दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा असे माप ठरवले. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी त्यास कडाडून विरोध केला. कष्टाच्या कामाला किमान दीड पौंड धान्य, शिवाय डाळ आणि भाजीपाला हवा, असा त्यांचा आग्रह होता. मुंबई इलाख्यात मजुरांनी या मापाविरुद्ध कामे सोडली आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. मार्च 1877 मध्ये मद्रास सरकारने शिधा काहीसा वाढवला. श्रम वाढले की अन्नही वाढले पाहिजे, हा कॉर्निश यांच्या म्हणण्याचा गाभा होता.

दुष्काळाने मृत्यू वाढवले, तसे जन्मही घटवले. लोकसंख्याशास्त्रज्ञ टिम डायसन यांनी 1991 मध्ये भारतातील जुन्या दुष्काळांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा उपासमारीच्या काळात गर्भधारणा झपाट्याने कमी झाल्याचे दिसले. पोटासाठी घरे फुटली, नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे गेली, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण देहाच्या आत होते : अन्न अपुरे पडले की शरीर प्रजननाचे काम थांबवते.

पुरुषही याला अपवाद नाहीत. 1944-45 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले आणि त्याच काळात आठवड्याला 35 किलोमीटर चालायला लावले. त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटले आणि कामेच्छा मावळली.

तरीही क्रीडाजगताला हे पटायला फार वेळ लागला. धावपटू मुलीची पाळी थांबली तर ते उत्तम सरावाचे लक्षण मानले जाई. 1974 मध्ये रोझ फ्रिश आणि जॅनेट मॅकआर्थर यांनी पाळीचा संबंध शरीरातील चरबीच्या प्रमाणाशी जोडला. 1984 मध्ये बार्बरा ड्रिंकवॉटर यांच्या संशोधनाने खरा धोका उघड केला. पाळी थांबलेल्या, साधारण पंचविशीतल्या खेळाडूंच्या कण्यातील हाडांची घनता पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांइतकी भरली. 1992 मध्ये अपुरा आहार, थांबलेली पाळी आणि ठिसूळ हाडे या तिघांना मिळून ‘महिला खेळाडूंचे त्रिकूट’ असे नाव मिळाले.

पण मूळ दोषी कोण? चरबीचा अभाव, व्यायामाचा ताण की अन्नाची तूट? ओहायो विद्यापीठातील अॅन लाउक्स यांनी हा गुंता सोडवला. त्यांनी 1998 मध्ये दाखवले की, व्यायाम कितीही कठोर असला तरी त्याच्या तोडीस तोड अन्न मिळाले, तर प्रजननाच्या संप्रेरकांची लय बिघडत नाही. ती बिघडते ऊर्जेच्या तुटीने.

त्यांचा हिशेब सोपा आहे. खाल्लेल्या उष्मांकांतून व्यायामात खर्चलेले उष्मांक वजा करावेत आणि उरलेल्या शिलकीला चरबीविरहित वजनाने भागावे. समजा, एका धावपटूचे चरबीविरहित वजन 40 किलो आहे. तिने 1800 उष्मांक खाल्ले आणि सरावात 600 जाळले, तर किलोमागे 30 उरतात. समतोलासाठी सुमारे 45 लागतात. लाउक्स यांच्या 2003 च्या प्रयोगात 30 च्या खाली गेल्यावर अवघ्या पाच दिवसांत संप्रेरकांची लय ढासळली. अर्थात 30 ही सर्वांना सारखी लागू पडणारी सीमारेषा नव्हे, हेही पुढील अभ्यासांत स्पष्ट झाले.

तूट जाणवताच मेंदूतील हायपोथॅलॅमस अंडाशयाकडे जाणारे संदेश मंदावतो. इस्ट्रोजेन घटते आणि हाडांची झीज रोखणारा हात सैल पडतो. त्याच वेळी नवे हाड घडवणारी संप्रेरकेही उतरतात. मग पायाच्या हाडाला वारंवार बारीक चिरा जातात. पुरुष खेळाडूंत टेस्टोस्टेरॉन घटते. म्हणूनच 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने स्त्री-पुरुष दोघांनाही सामावणारी ‘खेळातील सापेक्ष ऊर्जा-न्यूनता’ ही संज्ञा स्वीकारली. 2023 मध्ये तिची सुधारित मांडणी आली.

भारताला हा इतिहास परका नाही. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषा यांचे पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. तेथे भाताची पेज आणि लोणचे यांवरच भागवावे लागल्याचे त्यांनी पुढे सांगितले. ही हाडांच्या विकाराची कथा नव्हे, पण खेळाडूच्या ताटाकडे झालेल्या दुर्लक्षाची निश्चितच आहे. साताऱ्यातील माण, बीडमधील आष्टी या दुष्काळी तालुक्यांनी देशाला ललिता बाबर आणि अविनाश साबळे यांच्यासारखे धावपटू दिले. अशाच गावांतून नव्या मुली आज मैदानावर येत आहेत.

होसकोट्याच्या शेतातील नाचणीत 100 ग्रॅममागे सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मात्र एकूण अन्नच अपुरे असेल, तर केवळ कॅल्शियमने हाड भरत नाही. गोळ्या देऊन आणलेल्या रक्तस्रावानेही ही तूट भरून निघत नाही. हाडांची बहुतांश ठेव विशीच्या अखेरीपर्यंत जमा होते, आणि त्या वयात गमावलेले पुढे पुरते परत मिळेलच असे नाही. म्हणून सलग तीन महिने पाळी चुकली किंवा हाडाला पुन्हा चीर गेली, तर प्रशिक्षकाने वजनकाट्याआधी ताटाकडे पाहावे आणि खेळाडूला वैद्यांकडे न्यावे. कॉर्निश यांनी 1877 मध्ये मजुरासाठी जे मागितले, तेच आज धावणाऱ्या मुलीचे मागणे आहे : कष्टाच्या मापाने अन्न.