न्यूयॉर्कचीं अकराशें मतें

एका मोठ्या राष्ट्राचा अध्यक्ष कोण व्हावा हें एका वाक्यानें ठरतें काय? अमेरिकेच्या १८८४ सालच्या निवडणुकीपुरतें या प्रश्नाचें उत्तर बहुधा ‘होय’ असेंच दिलें जातें. आज त्या उत्तराची थोडी झडती घ्यावी असा माझा विचार आहे.

तेथील पद्धति प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. अध्यक्षाची निवड देशभरच्या मतांच्या बेरजेवर होत नाहीं. प्रत्येक राज्याचे ठराविक निर्वाचक असतात आणि राज्यांत ज्याला मतें अधिक, त्याच्या पदरांत बहुधा ते सर्वच्या सर्व पडतात. १८८४ सालीं एकंदर निर्वाचक ४०१ होते. विजयाला २०१ हवे होते. न्यूयॉर्क वगळतां डेमोक्रॅटिक पक्षाचे ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्याकडे १८३ व रिपब्लिकन पक्षाचे जेम्स ब्लेन यांच्याकडे १८२ आले. न्यूयॉर्कचे होते ३६. म्हणजे न्यूयॉर्क ज्याचें, अध्यक्षपद त्याचें.

दोघेही उमेदवार निष्कलंक नव्हते. क्लीव्हलंड हे याच राज्याचे गव्हर्नर. कारभारांत सचोटीचे, पण पूर्वायुष्यांतील एका अनौरस मुलाचें प्रकरण विरोधकांनीं चव्हाट्यावर आणलें होतें. ब्लेन वक्तृत्वांत अद्वितीय; मात्र रेल्वे कंपन्यांशीं झालेल्या व्यवहारांचीं त्यांचीं पत्रें बाहेर आलीं, आणि त्यांच्याच पक्षांतील अनेक सुधारणावादी त्यांना सोडून गेले.

२९ ऑक्टोबर रोजीं, मतदानाला सहा दिवस उरले असतां, न्यूयॉर्कच्या एका हॉटेलांत प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांचा मेळावा ब्लेन यांच्या स्वागतार्थ जमला. सॅम्युअल बर्चर्ड नांवाच्या उपदेशकानें भाषणाच्या ओघांत डेमोक्रॅटिक पक्षाची परंपरा दारू, रोमपंथ आणि बंडखोरी यांची आहे, असें म्हटलें. इंग्रजींत हे तिन्ही शब्द एकाच अक्षरानें सुरू होतात. त्यामुळें तें वाक्य लोकांच्या तोंडीं चटकन् बसलें. ब्लेन समोर असूनही कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं तें ऐकलें नाहीं कीं ऐकून सोडून दिलें, याची चर्चा अजून चालते. विशेष म्हणजे त्यांची आई स्वतः रोमन कॅथॉलिक होती आणि आयरिश मतदारांना आपल्याकडे ओढण्यासाठीं त्यांनीं पुष्कळ खटपट केली होती. रविवारपर्यंत तें वाक्य छापील पत्रकांतून कॅथॉलिक वस्त्यांत जाऊन पोंचलें.

त्याच दिवशीं रात्रीं ब्लेन धनाढ्यांच्या मेजवानीस गेले. बायबलांत बेलशज्जर राजाच्या शेवटच्या मेजवानीची कथा आहे. तिचा आधार घेऊन जोसेफ पुलित्झर यांच्या ‘वर्ल्ड’ पत्रानें दुसऱ्याच दिवशीं या मेजवानीचें व्यंगचित्र पहिल्या पानावर छापलें. पंगतीसमोर हात पसरून उभें असलेलें उपाशी कुटुंब त्यांत होतें. बर्चर्डच्या वाक्याइतकीच जखम या चित्रानें केली असावी, असें मला वाटतें.

४ नोव्हेंबरला मतदान झालें आणि मोजणीचा घोळ कित्येक दिवस चालला. तारायंत्र कंपनीचे मालक जे गूल्ड यांनीं निकाल दडपून ठेवल्याच्या संशयानें लोकांचे जमाव रस्त्यावर आले. अखेर क्लीव्हलंड यांचें आधिक्य कोणाच्या नोंदीप्रमाणें १,०४७, तर कोणाच्या नोंदीप्रमाणें १,१४९ ठरलें. मतें पडलीं होतीं सुमारें ११ लक्ष ६७ हजार! सहाशें माणसांनीं मत फिरविलें असतें तरी निकाल उलटला असता.

आतां विचार करा. मद्यपानबंदीचा पुरस्कार करणारे सेंट जॉन यांना याच राज्यांत सुमारें २५,००० मतें मिळालीं. त्यांचे बहुतेक अनुयायी मूळचे रिपब्लिकन. ओनाइडा परगण्याचे पुढारी रॉस्को कॉंकलिंग यांच्या चालण्याची ब्लेन यांनीं १८६६ सालीं भर सभागृहांत टर्की कोंबड्याशीं तुलना केली होती. ती थट्टा कॉंकलिंग अठरा वर्षें विसरले नाहींत. ब्लेन यांच्यासाठीं प्रचार करण्याची विनंति झाली तेव्हां आपण फौजदारी कामें घेत नाहीं, असें त्यांनीं उत्तर दिल्याचें सांगतात. १८८० सालीं रिपब्लिकनांना कौल देणारा तो परगणा या वेळीं क्लीव्हलंड यांच्याकडे गेला. शिवाय १८७६ सालीं हाच रिपब्लिकन पक्ष या राज्यांत बत्तीस हजारांहून अधिक मतांनीं हरला होता, आणि तेव्हां तर कोणा बर्चर्डनें तोंड उघडलें नव्हतें! इतक्या निसटत्या पराभवांत प्रत्येक कारण पुरेसें ठरतें. म्हणून एकालाच निर्णायक म्हणण्याचा अधिकार इतिहासकाराला उरत नाहीं. तें वाक्य लक्षांत राहिलें, कारण तें लक्षांत ठेवण्यास सोपें होतें.

खुद्द ब्लेन यांनीं मागाहून एका पत्रांत लिहिलें कीं, त्या दिवशीं आकाश निरभ्र असतें आणि बर्चर्डसाहेब आशिया मायनरांत किंवा कोचीन-चीनमध्यें धर्मप्रसार करीत असते, तर आपण दहा हजारांनीं न्यूयॉर्क जिंकलें असतें. पावसाचा उल्लेख त्यांनीं आधीं केला, हें पाहण्यासारखें आहे.

चार वर्षांनीं, १८८८ सालीं, देशभरांत अधिक मतें मिळवूनही क्लीव्हलंड आपलें हेंच राज्य सुमारें चौदा हजारांनीं गमावून बसले, आणि त्याबरोबर अध्यक्षपदही गेलें. १८९२ सालीं न्यूयॉर्क पुन्हां त्यांच्याकडे आलें.