वऱ्हाडातील उन्हाळी शिबिरे आणि किशोरांची आत्मप्रतिमा

बारा ते पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनात ‘मी कोण’ हा प्रश्न प्रथमच स्पष्टपणे उभा राहतो. घर आणि शाळा या दोन ठिकाणी त्याचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. घरी तो अमक्याचा मुलगा असतो व शाळेत अमक्या क्रमांकाचा विद्यार्थी. शिबिर हे या दोहोंच्या बाहेरचे तिसरे स्थान होय. वऱ्हाडात या तिसऱ्या स्थानाची परंपरा कशी घडली व तिने मुलांच्या वृत्तीवर कोणता संस्कार केला, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम काळाचा विचार करू. वऱ्हाडचे शेतकी जीवन पूर्वी कपाशी व ज्वारी या पिकांभोवती फिरत असे. वार्षिक परीक्षा आटोपल्यापासून मृगाच्या पेरणीपर्यंतचा अवधी मुलाला त्यातल्या त्यात मोकळा मिळतो. तथापि याच दिवसांत शेतात वखरणी चालू असते. म्हणून ज्या घरास मुलाच्या हातांची गरज होती, त्या घरातील मुलास शिबिर सहजसाध्य नव्हते. पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकत असल्याने सर्व कार्यक्रम पहाटे व सायंकाळी ठेवावे लागत. दुपारचा वेळ सावलीत, एकत्र बसण्यात जाई. परस्परांशी खरा परिचय बहुधा या दुपारीच होत असावा.

अमरावतीस १९१४ साली अंबादासपंत वैद्य व त्यांचे बंधू अनंत वैद्य यांनी हनुमान आखाडा स्थापन केला. त्यातूनच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. मंडळाच्या उन्हाळी वर्गांत कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम इत्यादींचे शिक्षण दिले जाई. अकोल्याकडून येणाऱ्यास बडनेऱ्यास गाडी बदलून अमरावती गाठता येई. परंतु मंडळाचा लौकिक वऱ्हाडाच्या सीमेबाहेरही गेला होता. हुतात्मा राजगुरू यांनी येथे व्यायामशिक्षण घेतल्याचे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. १९३६ साली मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. परकी सत्तेखालील प्रजेला दुर्बल म्हणून हिणविले जात असता, आपल्या मातीतील विद्या जगापुढे मांडण्याजोगी आहे ही जाणीव मुलाची आत्मप्रतिमा पालटणारी होती. शिवाय येथे शिकलेल्याने गावी जाऊन इतरांस शिकवावे, अशी अपेक्षा असे. शिकणाऱ्याला शिकविणाऱ्याची भूमिका लाभली, की त्याचा स्वतःविषयीचा आदर पाठ थोपटण्याने वाढतो त्याहून अधिक वाढतो.

दुसरी परंपरा मोझरीची. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली अमरावती जिल्ह्यात गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. त्यांनी उभ्या केलेल्या गुरुदेव सेवा मंडळातर्फे उन्हाळ्याच्या सुटीत मुलांसाठी सुसंस्कार शिबिरे भरविली जातात. येथेही व्यायाम आहे. परंतु सामुदायिक ध्यान, प्रार्थना व ग्रामसफाई यांना विशेष स्थान आहे. आखाड्यात मुलगा स्वतःचे बळ अजमावतो. ग्रामसफाईत तो परंपरेने हलके मानलेले काम इतरांच्या बरोबरीने हाती घेतो. घरी ज्याने केरसुणीला हात लावला नाही, त्याच्या श्रमाविषयीच्या व जातीविषयीच्या कल्पनांना येथे धक्का बसण्याचा संभव असतो.

मात्र एकत्र राहिल्यानेच मन उदार होते, हे गृहीत तपासून पाहिले पाहिजे. १९५४ साली मुझफर शेरीफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात सुमारे अकरा वर्षांच्या बावीस मुलांचे उन्हाळी शिबिर भरविले. मुलांचे दोन गट पाडण्यात आले. गटांतर्गत स्नेह लवकरच दृढ झाला. परंतु दोन गटांत स्पर्धा लावताच शिवीगाळ, झेंडे जाळणे व मारामारी यांपर्यंत मजल गेली. पुढे दोन्ही गटांना एकत्र जेवावयास बसविले, तरी वैर शमले नाही. पाणीपुरवठा बंद पडला, मालमोटार अडली आणि सर्वांनी मिळून दोर ओढल्यावाचून गत्यंतर उरले नाही, अशा प्रसंगांच्या मालिकेनंतरच ते हळूहळू निवळले.

या प्रयोगाच्या प्रकाशात वऱ्हाडातील परंपरांकडे पाहिले असता एक भेद लक्षात येतो. ‘मी समर्थ आहे’ ही भावना दोन वाटांनी येऊ शकते: दुसऱ्यावर मात करून, किंवा दुसऱ्यासह एखादे आवश्यक कार्य पार पाडून. पहिल्या वाटेने आलेला आत्मविश्वास खोटा नव्हे. पण ‘आम्ही’ आणि ‘ते’ अशी रेघ ओढण्याकडे त्याचा कल असतो. आखाड्याने शिकविण्याची जबाबदारी सोपवून, तर गुरुकुंजाने सेवेचे काम देऊन या प्रवृत्तीस काही अंशी आवर घातला, असे म्हणावयास हरकत नाही.

म्हणून शिबिराचे मूल्यमापन करताना केवळ दिनक्रम पाहून भागणार नाही. तेथे कोणत्या घरांतील मुले येऊ शकली, वखरणीसाठी कोण मागे राहिली, मुलींना प्रवेश होता काय, आणि मुलांच्या हाती दिलेले काम गावाच्या खरोखर उपयोगी होते की केवळ देखाव्याचे, हे प्रश्न अभ्यासकाने विचारावयास हवेत. मृगाचा पाऊस पडल्यावर मुलगा पुन्हा घरी व शाळेत परततो. तेथे त्याच्या नव्या वृत्तीस वाव मिळाला, तरच शिबिराचा संस्कार टिकून राहतो.