रसास्वादाची चळवळ: पुण्याचे चित्रपट संग्रहालय आणि फिल्म सोसायट्या

स्वातंत्र्योत्तर भारतात जागतिक चित्रपटाची ओळख नेहमीच्या चित्रगृहांनी फारशी करून दिली नाही. ती करून दिली फिल्म सोसायट्यांनी, म्हणजे वर्गणीदार सभासदांसाठी निवडक चित्रपट आणून त्यांवर चर्चा घडवणाऱ्या मंडळांनी. १९४७ साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्त्यात अशी सोसायटी काढली. १९५२ साली मुंबईत सुरू झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने ‘बायसिकल थीव्हज’ आणि ‘राशोमोन’ येथील प्रेक्षकांसमोर आणले. आणि १९५९ साली या मंडळांचा महासंघ स्थापन झाला, तेव्हा राय त्याचे अध्यक्ष झाले. उत्साहाला तोटा नव्हता, वानवा होती ती चित्रपटांच्या प्रतींची. परदेशी वकिलातींकडून जे मिळेल ते दाखवायचे, अशीच बहुतेक मंडळांची स्थिती होती.

१९६४ साली पुण्यात सुरू झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे महत्त्व या अडचणीच्या संदर्भातच नीट ध्यानात येते. पुढच्याच वर्षी पी. के. नायर तेथे रुजू झाले, तोवर भारतीय मूकपटांचा बहुतेक ठेवा नष्ट झाला होता, कारण जुनी नायट्रेट फिल्म अतिशय ज्वालाग्राही असे आणि तिच्यातील चांदी काढून घेण्यासाठी रिळेच्या रिळे भंगारात जात; परिणामी सुमारे १,७०० मूकपटांपैकी हाती लागले ते अगदी मोजके. दादासाहेब फाळके यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) त्यांच्या कुटुंबीयांकडून मिळाला, ही नायर यांच्या चिकाटीची मोठी कमाई होय. परंतु त्यांचे याहूनही मोठे श्रेय असे, की संग्रहालय म्हणजे कुलूपबंद कोठार, ही कल्पना त्यांनी मानली नाही.

संग्रहालयाच्या वितरण विभागातून १६ मिलिमीटरच्या प्रती गावोगावच्या मंडळांकडे जात. चित्रगृहातील ३५ मिलिमीटरच्या फिल्मपेक्षा ही फिल्म अरुंद, हलकी आणि न भडकणारी असल्याने तिचे डबे पाठवणे सोपे असे आणि छोटा प्रोजेक्टर शाळेच्या सभागृहातही चाले. १,६०० फुटांचे एक रीळ जेमतेम ४४ मिनिटे पुरते. त्यामुळे दीड तासाच्या चित्रपटाला किमान तीन रिळे लागत, आणि प्रोजेक्टर एकच असेल तर रीळ बदलेपर्यंत पडदा कोरा राही.

या प्रतींना अभ्यासाची जोड दिली ती सतीश बहादूर यांनी. आग्र्यात अर्थशास्त्र शिकवता शिकवता फिल्म सोसायटी चालवणारे बहादूर १९६०च्या दशकात, पूर्वीच्या ‘प्रभात’ स्टुडिओच्या आवारातील फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आले आणि ‘पथेर पांचाली’सारख्या चित्रपटाचे दृश्यागणिक विश्लेषण करून दाखवू लागले. यातूनच रसास्वाद शिबिरांची पद्धत रुळली, ज्यांत अभिजात चित्रपट, माहितीपट आणि प्रयोगपट एकाच मांडवाखाली पाहिले जात. ही सरमिसळ वरवर पाहता विस्कळीत वाटेल, पण खरे शिक्षण तिच्यातच होते. फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेचे माहितीपट परवान्याच्या अटीमुळे चित्रगृहांना दाखवावेच लागत आणि प्रेक्षक ते मुख्य चित्रपटाआधीची सक्ती म्हणून सोसत. परंतु त्याच संस्थेत एस. एन. एस. शास्त्री यांनी स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या तरुणांना बोलते करणारा ‘आय अॅम ट्वेंटी’ (१९६७) केला आणि प्रमोद पती यांनी वेगवान, तुटक प्रतिमांचा ‘एक्सप्लोरर’ (१९६८) केला. अशा लघुपटांना लक्ष देऊन पाहणारा प्रेक्षक हवा होता, आणि तो शिबिरांत घडू शकत होता.

कर्नाटकातील हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या ‘नीनासम’ संस्थेने १९७०च्या दशकाच्या अखेरीस बहादूर आणि नायर यांच्या साहाय्याने शिबिरे भरवली, तेव्हा जागतिक चित्रपट हा केवळ इंग्रजी जाणणाऱ्या शहरी वर्गाचा विषय आहे, हा समज खोटा ठरला. मुंबईत १९६८ साली स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळाने हेच काम मराठीत केले: जगभरचे चित्रपट दाखवले आणि त्यांच्याविषयी मराठीत बोलण्या-लिहिण्याची सवय लावली. मराठीत चित्रपटाविषयी गांभीर्याने लिहिणाऱ्यांचा जो वर्ग पुढे उभा राहिला, त्याच्या जडणघडणीत पुण्याहून येणाऱ्या त्या डब्यांचा वाटा फार मोठा आहे. नायर १९९१ साली निवृत्त झाले, तेव्हा संग्रहालयात सुमारे १२,००० चित्रपट जमा झाले होते आणि त्यांपैकी सुमारे ८,००० भारतीय होते.