दोन पद्धती, एक पुस्तक

संगणकाच्या पाठ्यपुस्तकांत आज्ञावली लिहिण्याच्या दोन पद्धती बहुधा ठरावीक क्रमाने येतात. आधी संरचित पद्धत, मग तिच्यातील उणिवा आणि त्या दूर करायला आलेली वस्तुकेंद्री पद्धत. (‘वस्तुनिष्ठ’ हा शब्द मुद्दाम टाळला आहे, त्याने शिक्षकांना प्रश्नपत्रिकाच आठवायची.) इतिहास मात्र या क्रमाने घडलेला नाही.

१९६० च्या दशकातील आज्ञावल्यांत ‘अमुक ओळीवर जा’ अशा आज्ञांचा सुळसुळाट असे. धड्यात परिच्छेदागणिक ‘आता पान ४२ पाहा’, तेथे गेल्यावर ‘पान ७ वर परत या’ असे लिहिलेले असेल तर वाचणाऱ्याची जी गत होईल, तीच आज्ञावली तपासणाऱ्याची होई. एडस्खर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने मार्च १९६८ मध्ये एक छोटे पत्र प्रसिद्ध करून या आज्ञेवर हल्ला चढवला. तिच्यावाचून काम भागते, हे बोम आणि याकोपिनी यांनी १९६६ मध्येच सिद्ध केले होते. एकामागून एक, हे किंवा ते, आणि पुन्हा पुन्हा, एवढ्या तीन रचना पुरतात.

निकालपत्रक करताना आपण हेच करतो. एका विद्यार्थ्याच्या गुणांची बेरीज करायची, एखाद्या विषयात ३५ पेक्षा कमी असतील तर लाल खूण करायची, मग पुढचा विद्यार्थी घ्यायचा. कामाचे टप्पे पडतात आणि प्रत्येक टप्पा वेगळा तपासता येतो. गुणांचा तक्ता मात्र सर्वांसमोर उघडा असतो. त्याचे रकाने बदलले की त्याला हात लावणारा प्रत्येक टप्पा बदलावा लागतो.

दुसऱ्या पद्धतीचा जन्म ओस्लोचा, आणि तोही डाइक्स्ट्रांच्या पत्राआधीचा. नॉर्वेच्या संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगॉर यांना रांगा, वाहतूक, कारखाने यांच्या प्रतिकृती संगणकावर चालवायच्या होत्या. पुलावरील टोलनाक्याची रांग घ्या. तिच्यात ट्रक, बस, मोटारी येतात. येथे टप्प्यांपेक्षा ‘कोण’ हा प्रश्न आधी येतो. म्हणून त्यांनी प्रत्येक वाहनाला स्वतःची माहिती आणि स्वतःचे वागणे एकत्र बांधून दिले. सर्व वाहनांना समान असलेला भाग एकदाच लिहायचा, ट्रकसाठी फक्त ट्रकचे वेगळेपण जोडायचे. जीवशास्त्र शिकवणाऱ्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. यातून १९६७ मध्ये ‘सिम्युला ६७’ ही भाषा तयार झाली.

१९७२ मध्ये ‘स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंग’ हे पुस्तक निघाले. लेखक तीन: डाल, डाइक्स्ट्रा आणि टोनी होअर. नाव संरचित पद्धतीचे, पण डाल आणि होअर यांनी लिहिलेले शेवटचे प्रकरण सिम्युलातील वर्गांविषयी! त्या मंडळींना यात विसंगती वाटली नाही. माणसाच्या डोक्यात एका वेळी किती मावते, ही दोघांचीही अडचण होती. एकाने कामाचा ओघ सरळ केला, दुसऱ्याने माहिती कोणाच्या ताब्यात असावी ते ठरवले. ट्रक आपल्या पोटात जे काम करतो, ते त्याच तीन रचनांनी.

मग ही पद्धत ‘नंतरची’ का ठरली? कारण ती सर्वदूर पोहोचायला वेळ लागला. केंब्रिजला सिम्युला वापरलेल्या ब्यार्ने स्ट्रॉउस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये बेल प्रयोगशाळेत ‘सी’ भाषेला वर्ग जोडायला घेतले, १९८३ मध्ये तिला ‘सी++’ हे नाव मिळाले, आणि मग प्रसार झाला.

उघड्या तक्त्याची किंमत १९९० च्या दशकाअखेर सर्वांनी मोजली. वर्ष दोनच अंकांत लिहिण्याची जुनी सवय असंख्य आज्ञावल्यांत ठिकठिकाणी पसरली होती, आणि ती एकेक ओळ वाचून शोधावी लागली. या कामात पुण्या-मुंबईच्या कंपन्याही होत्या. तारीख ही एक बंद वस्तू असती तर दुरुस्ती बरीच एका जागी झाली असती. साठवलेल्या जुन्या नोंदी मात्र तरीही बदलाव्या लागल्याच असत्या.

ट्यूरिंग पुरस्कार डाइक्स्ट्रांना १९७२ चा मिळाला. डाल आणि नीगॉर यांना थेट २००१ चा. पुढच्याच वर्षी, २९ जून २००२ रोजी डाल गेले, ६ ऑगस्टला डाइक्स्ट्रा आणि १० ऑगस्टला नीगॉर.