भिडेवाड्यातले भिडे

जोतीराव फुल्यांचं पहिलं सविस्तर चरित्र पुण्यात लिहिलं गेलं असेल, असं कुणालाही वाटेल. ते आलं आमच्या बुलडाणा जिल्ह्यातून, चिखलीहून, १९२७ साली. लेखक पंढरीनाथ सीताराम पाटील. जोतीराव जाऊन तेव्हा सदतीस वर्षं झाली होती आणि धनंजय कीरांचं इंग्रजी चरित्र यायला अजून सदतीस वर्षं होती. सत्यशोधक चळवळ वऱ्हाडच्या गावागावांत पोचली होती, म्हणून हे काम चिखलीतून झालं.

चरित्र एका माणसाचं असतं. शाळा मात्र एका माणसाने चालत नाही. पाटलांनी जोतीरावांना विस्मरणातून बाहेर काढलं. त्यांच्या शाळांची कमिटी मात्र अजून तिथेच आहे.

भिडेवाडा हे नाव तुम्ही ऐकलंय. १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली ती जागा. डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेने पडका वाडा पाडला, स्मारकासाठी. तेव्हा मोबाइलवर सगळीकडे त्याचेच व्हिडिओ फिरत होते. पण भिडे कोण? तात्यासाहेब भिडे. मुलींना शिकवणं म्हणजे धर्म बुडवणं असं मानणाऱ्या पुण्यात, तेही बुधवार पेठेत, स्वतःचा वाडा शाळेला देणारे गृहस्थ. जागा देणाऱ्यालाही शेजारीपाजारी, नातेवाईक, सोयरीक असतेच. ते सगळं पणाला लावून त्यांनी दार उघडलं.

सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर आणि सखाराम यशवंत परांजपे हे जोतीरावांचे मिशनच्या शाळेतले सोबती. परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर यांनी सावित्रीबाईंना पुढचं शिक्षण दिलं. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेत पुन्हा मुलींची शाळा सुरू झाली ती अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात. पुढे रास्ता पेठेत आणि वेताळ पेठेतही शाळा निघाल्या. बापूरावजी मांडे हे असेच आणखी एक मदतनीस. महार-मांगांच्या मुलांसाठी १८५३ मध्ये वेगळी मंडळी स्थापन झाली. त्या वस्त्यांतून मुलं शाळेपर्यंत आणायला लहुजी साळवे आणि राणबा महार यांची मदत झाली. कमिटीच्या यादीपेक्षा मला ही दोन नावं जास्त महत्त्वाची वाटतात. कारण शाळेत मूलच आलं नाही, तर वाडा आणि वर्गणी घेऊन काय करायचं? त्याच शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला.

कमिटीचं काम म्हणजे जागा शोधायची, भाडं भरायचं, वर्गणीसाठी लोकांची दारं वाजवायची, अहवाल लिहायचे, सरकारकडे अर्ज करायचे. दक्षिणा फंडातून मुलींच्या शाळांना दरमहा ७५ रुपये मंजूर झाले. एकेकाळी ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्यासाठी असलेला हा निधी! परीक्षाही बंद दाराआड होत नसत. चार लोकांसमोर मुलींना प्रश्न विचारले जात, म्हणजे शाळेला नावं ठेवणाऱ्यांनीही येऊन पाहावं.

मग मंडळी फुटली. शूद्र-अतिशूद्रांच्या मुलांना लिहिता-वाचता आलं की पुरे, असं काही ब्राह्मण मित्रांचं म्हणणं. स्वतःचं बरंवाईट स्वतःला कळेल इतकं शिकवलं पाहिजे, असं जोतीरावांचं. ‘गुलामगिरी’त त्यांनी हा मतभेद सांगितला आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मात्र ते एवढंच सांगतात की नऊ-दहा वर्षं काम केलं आणि काही कारणांनी आपण बाजूला झालो. ती कारणं इथे सांगायची गरज नाही. इतकी वर्षं खपलेल्या माणसाने तिथे कुणाचं नाव घेऊन तक्रार केली नाही. शाळा पुढे कमिटीने शिक्षण खात्याकडे सोपवल्या.

आता हे मित्र चांगले म्हणायचे की वाईट? वॉट्सॅपवर दोन्ही बाजूंचे फॉरवर्ड तयार असतात. एका बाजूला ‘ब्राह्मणांनीच तर मदत केली’, दुसऱ्या बाजूला ‘ब्राह्मणांनीच घात केला’. मला दोन्ही अर्धवट वाटतात. या माणसांनी शिव्या खाऊन शाळा उभ्या केल्या हे खरं. गरिबाच्या मुलाने किती शिकायचं हे ठरवताना त्यांच्यातल्या काहींचे हात आखडले, हेही तितकंच खरं. त्यांची आठवण ठेवायची तर भांडणासकट ठेवावी लागेल.

तो वाद संपलेलाही नाही. शिक्षण हक्क कायद्याने आता सरकारी शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. पगार कुणालाच नाही. चिखली तालुक्यातली असो की मेहकरची, जिल्हा परिषदेची शाळा असेल तिथे कुणाची तरी आई एक दिवसाची मजुरी बुडवून या बैठकीला येते. विषय असतात गळकं छप्पर, मुलींचं स्वच्छतागृह, खिचडीचा तांदूळ आणि न आलेले मास्तर. तिथेही कुणीतरी म्हणतंच, आपल्या पोरांना एवढं कशाला पाहिजे.