प्रतिपिंड तपासणीतील खोट्या पॉझिटिव्ह प्रतिक्रिया

रक्त चढवण्याआधी रुग्णाच्या प्लाझ्मात ए-बी गटांखेरीज इतर प्रतिपिंडे आहेत का, हे ओ गटाच्या तपासणी पेशी वापरून पाहतात. असे प्रतिपिंड नसतानाही पेशींच्या गुठळ्या दिसल्या, तर ती खोटी पॉझिटिव्ह प्रतिक्रिया. मात्र हा शिक्का तपासाच्या शेवटीच मारायचा असतो. कारण सापडण्याआधी तो मारणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळणे. नमुना पुरता साकळला नसेल, तर जेल कार्डाच्या वरच्या टोकाला फायब्रिनमध्ये अडकलेल्या पेशींची बारीक रेष दिसते. नमुना पुन्हा फिरवला की ती नाहीशी होते. मायलोमासारख्या आजारात प्रथिने वाढून पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या चिकटतात. प्लाझ्मा काढून तेवढेच सलाइन घातले की चवड सुटते, खरी गुठळी सुटत नाही. गारव्यानेही फसगत होते. उदाहरणार्थ, बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर आहे. तिथल्या हिवाळ्यात प्रयोगशाळा गार पडली, तर एरवी निरुपद्रवी असलेली थंड प्रतिपिंडेही चाचणीत उमटू शकतात. पेशी आणि प्लाझ्मा आधी 37 अंशांवर आणून चाचणी केली की ती मावळतात.

मग प्रत्येक संशयित नमुना गरम करूनच का तपासू नये? कारण त्या पद्धतीत दुबळी पण खरी प्रतिपिंडेही निसटतात. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाच्या रुग्णाला वारंवार रक्त लागते, आणि अशी प्रतिपिंडे त्याच्यातच तयार होण्याची शक्यता अधिक. सगळ्या तपासणी पेशी पॉझिटिव्ह आल्या म्हणजे चाचणीच बिघडली, हा समजही घातक आहे. 1952 साली डॉ. य. म. भेंडे व सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये वर्णन केलेला बॉम्बे रक्तगट नेमका असाच दिसतो: साध्या गटतपासणीत ओ, पण एच-विरोधी प्रतिपिंडामुळे ओच्या प्रत्येक पेशीशी प्रतिक्रिया. रुग्णाच्या स्वतःच्या पेशींशी मात्र ती होत नाही. म्हणून स्वतःच्या पेशींवरची ही चाचणी, म्हणजे ऑटो कंट्रोल, वगळू नये. अशा रुग्णाला ओ गटाचे रक्त दिले तर ते शरीरात फुटते.

बाळंतपणातला रक्तस्राव तपासासाठी थांबत नाही, हा आक्षेप खरा आहे. तिथे उपलब्धांतले सर्वांत जुळणारे रक्त, धोका सांगून, डॉक्टरांच्या सहीने द्यावे लागते. पण घाईने गूढ उकलत नाही. ते न सुटल्यास नमुना मुंबईला, केईएम परिसरातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीकडे पाठवता येतो. सोबत आधीची रक्तसंक्रमणे, गर्भारपणे आणि चालू औषधे लिहावीत. कारण मायलोमावरच्या डाराट्युमुमॅब या औषधामुळेही सगळ्या पेशी पॉझिटिव्ह येतात.