उगारलेला हात आणि आवरलेला हात

वाचकहो, सातारा-सांगलीकडच्या एखाद्या जुन्या गावात गेलात, तर मारुतीच्या देवळापाशी किंवा वेशीजवळ वीरगळ दिसते. खालच्या चौकटीत लढाई, वरच्या चौकटीत स्वर्ग. रणात पडलेल्या गड्यासाठी गावाने दगड कोरून ठेवला. पण मारण्याची संधी असूनही ज्याने हात आवरला, त्याच्यासाठी कुठे दगड उभारल्याचे ऐकिवात नाही. आज त्या दुसऱ्या माणसाविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

गोष्ट १९४२ सालची. तेव्हा वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. पुढे १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. ऑगस्टमध्ये 'चले जाव'चा ठराव झाला, पुढारी तुरुंगात गेले आणि शेतकरीच पुढारी झाले. कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर अशा कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर तिरंगा लागला. तेथे गोळी सुटली नाही. ९ सप्टेंबरला वडूजला मात्र सुटली. हातात झेंडा घेऊन पुढे चाललेले परशुराम घार्गे पडले, त्यांच्याबरोबर आणखीही पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे यांना गोळ्या लागल्या.

आता विचार करा. या मोर्चांत आलेली माणसे काही दुबळी नव्हती. कुऱ्हाड, विळा, काठी तर शेतकऱ्याच्या घरची. तरी ती हातात झेंडा घेऊन आली. ज्याच्या अंगी मारण्याचे बळच नाही, त्याच्या न मारण्याला अहिंसा म्हणत नाहीत. भ्याडपणा आणि हिंसा यांतून एकच निवडणे भाग पडले तर मी हिंसा निवडीन, असे खुद्द गांधीजींनीच १९२० साली लिहिले होते. त्यांना हवी होती ती शूराची अहिंसा. वडूजला ती दिसली.

परंतु गोळीबारानंतर प्रश्न उभा राहिला. निःशस्त्र छातीवर गोळ्याच येणार असतील, तर पुढे काय? या प्रश्नातून १९४३ मध्ये प्रतिसरकार उभे राहिले. क्रांतिसिंह नाना पाटील त्याचे अग्रणी. लोकन्यायालये बसली, गावचे तंटे गावात मिटू लागले, कमी खर्चाची गांधी-लग्ने लागली, दारूला आळा बसला. सावकाराच्या आणि दरोडेखोराच्या जाचातून पुष्कळ गोरगरीब सुटले. हे सारे खरे. पण गुन्हेगाराच्या तळपायांवर काठ्या बसत, हेही खरे. बैलाच्या पायाला पत्री ठोकतात तशी माणसाच्या पायाला ठोकतात, असा बोलबाला झाला आणि 'पत्री सरकार' हे नाव पडले. काही प्रसंगी माणसे जिवानिशीही गेली.

माझ्या वर्गात एका खेड्यातल्या मुलाने एकदा विचारले, "सर, मग पत्री सरकार चांगलं का वाईट?" मी म्हणालो, "बाळ, प्रश्न जरा बदलून विचार. त्या रात्री काठी तुझ्या हातात असती, तर तू कुठं थांबला असतास?" वर्ग गप्प झाला. खरे सांगतो, मीही गप्प झालो.

मे १९४४ मध्ये गांधीजी सुटले आणि जुलैमध्ये विश्रांतीसाठी आपल्याच जिल्ह्यात, पाचगणीला येऊन राहिले. भूमिगतांच्या धैर्याचे मोल ते जाणत होते. तरीही लपून राहणे आणि घातपात करणे अहिंसेत बसत नाही, उघडपणे पुढे या, असे त्यांनी सांगितले. काहींनी ऐकले. साताऱ्याकडच्या बहुतेकांनी लढा चालूच ठेवला आणि तो १९४६ पर्यंत चालला. यात एकाला देव आणि दुसऱ्याला दोषी ठरवण्याची घाई करू नये. ज्यांच्या घरांवर जप्ती येत होती, त्यांना घरी बसून उपदेश करणे सोपे असते.

आता शेवटची आणि जड गोष्ट. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला. खुनी नथुराम गोडसे तरुणपणी काही काळ सांगलीत राहिलेला. बातमी येताच सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे पेटवली गेली. ज्यांचा त्या खुनाशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांचे संसार राखेत गेले. आणि हे झाले कोणाच्या नावाने? ज्याने जन्मभर 'मारू नका' म्हटले, त्याच्या नावाने! एका माणसाच्या गुन्ह्यासाठी अख्ख्या जातीला धरले, की न्याय संपतो आणि सूड सुरू होतो.

पण त्याच दिवसांत शेजाऱ्याला आपल्या माजघरात लपवणारी, जमावापुढे दारात उभी राहणारी माणसेही होती. त्यांनी अहिंसेवर व्याख्यान दिले नाही. "आमच्या दारातून आत जाता येणार नाही," एवढाच त्यांचा भाव. जमावाला विवेक नसतो. तो असतो एकेकट्या माणसाला. म्हणून हिंसा थांबते ती एकेकट्याच्या निश्चयाने.

शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, मुलांना वडूजची गोष्ट अवश्य सांगा, पत्री सरकारचीही सांगा. मात्र १९४८ गाळू नका. आणि वाचकहो, तुमच्या गावात अशा एखाद्या दारातल्या माणसाची आठवण कोणा म्हाताऱ्या माणसापाशी असेल, तर ती आजच विचारून, लिहून ठेवा. त्याच्यासाठी दगड कोरला गेला नाही. निदान वहीचे एक पान तरी त्याच्या नावे असू द्या.